प्रकल्प नोंदी: आधी उजवी भिंत, मग कोपरा

ठिकाण: अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटाच्या कडेचा एक कातळ. लातूरहून गाडीने दीड तास. उंची साधारण १३ मीटर, लांबी दीडशे पावलं. शेत खासगी आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

क्लाइंबिंग करणारी माणसं 'प्रकल्प' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. एखादी वाट पहिल्या दिवशी जमत नाही, पण जमेल असं वाटत राहतं. मग तिच्यावर आठवडे घालवायचे, एकेक मूव्ह सोडवायची आणि शेवटी एकदा खालून वरपर्यंत न पडता, दोरावर न लटकता चढायची. ती वाट म्हणजे तुमचा प्रकल्प.

माझा यंदाचा प्रकल्प ठरला. कातळाच्या उजव्या टोकाला थोडी पुढे झुकलेली भिंत आहे. तिच्यावर आधी कुणी चढल्याची खूण दिसत नाही. खालून बघून माझा अंदाज, अवघडपणा मोजायच्या फ्रेंच श्रेणीत, ७ए, कदाचित ७बी.

७बी हा आकडा मुद्दाम लिहिते आहे. जानेवारी २००८ मध्ये बदामीला मी ७बी चढले होते, लीड करत, म्हणजे दोर स्वतः वर नेऊन अडकवत, चौदाव्या प्रयत्नात. तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते, आता ४६ वर्षांची आहे. मधल्या काळात त्या पातळीच्या आसपासही काही झालेलं नाही. म्हणून उद्दिष्ट स्वच्छ शब्दांत लिहून ठेवते: मार्च संपायच्या आत त्या पातळीला परत यायचं.

योजना: मंगळवार आणि गुरुवार फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची फळी, २० मिलिमीटरची कड. सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, असं सहा वेळा; असे पाच संच. रविवारी कातळ. जोडीला भाची. वय १९, लातूरलाच शिकते. दोर धरायला तिला उन्हाळ्यातच शिकवलं. हात स्थिर आहे तिचा.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी आटोपली, पहिला दिवस कामाला लागला. शेतमालक काका बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. "काय बघायलाव ताई एवढं?" दोर, हार्नेस, हेल्मेट सगळं दाखवलं. त्यांच्या तीन अटी: फाटकाची तार लावून घ्यायची, हरभऱ्यातून चालायचं नाही, काडी ओढायची नाही. तिन्ही रास्त.

वर कडुलिंबाचं जुनं खोड आहे, माझ्या कवेत मावत नाही. त्याच्यामागे म्हशीएवढा दगड, अर्धा जमिनीत. दोन्हींना स्वतंत्र स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टीचा फास, घातली, भार दोन्हींवर सारखा येईल अशी बांधणी केली, खाली दोन लॉकिंग कॅराबिनर, म्हणजे आपोआप न उघडणाऱ्या कड्या, तोंडं उलटसुलट. एक आधार गेला तरी दुसरा धरेल. कड्याच्या धारेवर दोर घासतो तिथे गोणपाटाची घडी आणि तिच्यावर जुन्या जीनचा कापलेला पाय.

मग साफसफाई. हा सगळा लाव्हाचा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर बसलेला. इथे खालचे सहा-सात मीटर घट्ट काळा कातळ आहे, कडा धारदार. त्याच्यावर भोकाभोकांचा पट्टा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरल्या. बोट घालायला ही भोकं सोयीची, पण पट्टा ठिसूळ. प्रत्येक पकड ठोकून घ्यावी लागते. आधी बोटांच्या पेरांनी ठोकायचं, मग तळहाताच्या बुडाने. पक्का दगड नुसता हाताला लागतो. सुटलेला दगड बद्द बोलतो, तडा गेलेल्या माठासारखा. आज असे अकरा दगड काढले. एक चांगला पाटीएवढा होता.

भाचीने विचारलं, इतकं काय ठोकायचं? तिचा जन्म २००५ चा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी १५ वर्षांची होते. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. औसा तालुक्यातलं माझं आजोळ दगड-मातीच्या भिंतींचं होतं. त्या भिंतींचं काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. मातीत बसवलेला दगड किती सहज सुटतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तिला मी एवढंच म्हटलं, ठोकल्याशिवाय लटकायचं नाही.

पकडी कोरड्या ब्रशनेच घासल्या. पाणी मारून धुतल्या असत्या तर लवकर स्वच्छ झाल्या असत्या. पण २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या गावची मी, दगडावर पाणी ओतायला हात धजत नाही.

१७ नोव्हेंबर

उजवी भिंत, टॉप रोपवर, म्हणजे दोर वरच्या आधारातून घेऊन, पाच प्रयत्न. सगळ्यात वरचा टप्पा ६ मीटर. भोकांच्या पट्ट्याखाली डाव्या हाताला एक पातळ कड आहे, नखभर. तिथून उजवा हात वर जायला हवा, जात नाही. पाचव्या प्रयत्नात अर्धी वीत कमी पडली.

भाची म्हणत होती आधी डावीकडच्या कोपऱ्यावर एकदोनदा चढून अंग मोकळं करू. दोन भिंती काटकोनात मिळतात तो कोपरा, सोपा आहे. मी नको म्हटलं. कारण लिहून ठेवते, कारण ते मला तेव्हाच जाणवलं होतं: तिच्यासमोर सोप्या वाटेवर घाम गाळायचा नव्हता.

२४ नोव्हेंबर

डाव्या हाताचं अनामिकेचं बोट. त्याच नखभर कडेवर. आवाज आला नाही, पण बोटाच्या मुळाशी तळव्याच्या बाजूने चमक गेली आणि मूठ वळेना. तिसऱ्या प्रयत्नात थांबले. दोर आवरला. परत येताना गाडी भाचीने चालवली.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांना दाखवलं. पुली ताणली आहे, तुटलेली नाही. बोट वाकवणारी शिर हाडाला धरून राहावी म्हणून बोटात जागोजागी आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पुली म्हणतात. कपड्याच्या दोरीला अधूनमधून कड्या लावतो तसं. नखभर कडेवर बोटं पूर्ण दुमडून लटकलं की सगळा ताण मुळाकडच्या पट्टीवर येतो. स्नायू महिन्याभरात जोर धरतात. शिरा आणि या पट्ट्यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना कित्येक महिने लागतात. मला हे २० वर्षांपासून माहीत आहे. नव्या मुलांना मी स्वतः हे सांगत आले आहे.

तरी मी ऑक्टोबरात जे वेळापत्रक आखलं ते २००८ च्या बोटांसाठी होतं. सहा आठवडे लहान पकडी बंद. मोठ्या पकडींवर उघड्या हाताने चढायला तीन आठवड्यांनी हरकत नाही.

८ डिसेंबर

मी फक्त दोर धरला. भाची कोपऱ्यावर. चार वेळा पाच मीटरपाशी सुटली. तिथे उजव्या भिंतीला हाताला काहीच नाही आणि ती हातच शोधत राहते. खाली आल्यावर मी तिला बदामीतल्या एका अशाच जागेची गोष्ट सांगितली.

१५ डिसेंबर

तसंच. तूर काढणीला आली आहे. थंडी छान, दगड सकाळी दहापर्यंत गार.

२२ डिसेंबर

आज भाची कोपरा पहिल्यांदा पूर्ण चढली. मध्ये दोनदा दोरावर बसली, पण वर गेली. कडुलिंबाला हात लावून तिने खाली पाहिलं, आणि मी खालून ओरडले, "मस्त! बदामीला असाच कोपरा चढून मग आम्ही त्या ७बीकडे गेलो होतो..." आणि तिला खाली सोडेपर्यंत बोलतच राहिले. चौदा प्रयत्न, शेवटचा दिवस, रात्रीची गाडी, सगळं.

ती खाली आली. गाठ सोडली, बूट काढले, पायाची बोटं चोळत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, मी वर पोचले की तू लगेच बदामीला जातेस."

आवाजात राग नव्हता. पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं तसं म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. दोर गुंडाळताना गेले तीन रविवार आठवले. पहिल्यांदा ती पाच मीटरपर्यंत गेली तेव्हा बदामी. सुटली तेव्हा बदामी. आज वर पोचली, तिच्या आयुष्यातली पहिली १३ मीटर, आणि मी ती माझ्या एका जुन्या दिवसाच्या पायाशी नेऊन ठेवली. दोर मी नीट धरला होता, ढील वेळेवर दिली होती. पण वर पोचल्यावर तिचा चेहरा कसा होता ते मला आत्ता आठवत नाही, कारण मी पाहिलाच नाही. हे लिहिताना वाईट वाटतं आहे आणि ते लिहायलाच हवं.

घरी येताना तिला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "सांगत जा ना, पण नंतर. जेवताना."

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

काका-काकूंनी येळवसाला बोलावलं होतं. मी रजा टाकली. आमच्याकडे लातूर-धाराशिवला या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. ज्वारीत कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले दगड, ते पांडव. पूजा झाली, मग भज्जी, उंडे, आंबिल. आंबिलाचा तांब्या तिसऱ्यांदा भरला गेला तेव्हा काकूंनी विचारलं की पोरगी त्या कोपऱ्यात सारखी पडते कशाला.

मग कळलं ते असं. काकूंचं माहेर हेच गाव, हे शेत तेव्हा शेजारच्या चुलत्यांचं. "आम्ही लहानपणी तिथूनच वर जायचाव, सीताफळाला." सात मीटरवर एक पाटासारखी जागा आहे, तिथे सीताफळाचं झुडूप उगवलंय. पोरं अनवाणी तिथपर्यंत चढायची, फळं परकराच्या ओच्यात घ्यायची आणि डावीकडच्या उतारावरून निघून जायची. मी त्या झुडपाला ऑक्टोबरपासून बघत होते. तिथे माणसं जात असतील असं मनातही आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर काकू आमच्याबरोबर कातळापर्यंत आल्या. साठीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात. खालूनच काठीने दाखवलं. "उजव्या अंगाला ते बारकं दिसतंय का, तिथं पाय ठिवायचा. हाताला काय नसतंय तिथं. पाय बगायचा."

अंगठ्याएवढी रुंद, बाहेरच्या बाजूला उतरती कड. मी ती ब्रशने घासली होती आणि निकामी ठरवून सोडून दिली होती, कारण हाताने ती धरता येत नाही. भाचीने लगेच बूट चढवले. डावा पाय डाव्या भिंतीवर, उजवा त्या कडेवर, दोन्ही तळवे भिंतींना टेकून, मध्ये उभी. नुसती उभी. चार रविवार जिथे हात सुटत होते तिथे ती हात सोडून उभी राहिली आणि काकूंकडे बघून हसली. मी यावेळी तिच्याकडे बघत होते.

५ जानेवारी २०२५

आज कातळावर गेले नाही. भाचीची परीक्षा. जुनी वही काढली. १९९८ पासूनची हिरव्या पुठ्ठ्याची वही, पुण्यात शिकत असताना सुरू केलेली. तैलबैला आहे, लिंगाणा आहे, नाणेघाटाजवळची वानरलिंगी आहे, मग बदामीची चार वर्षं. जे पान शोधत होते ते सापडलं:

"१९ जानेवारी २००८. ७बी. १४. झाली."

एवढंच. डोळे मिटून ती वाट आठवायचा प्रयत्न केला. बदामीचा लाल वालुकाश्म, आडव्या खाचा, झुकलेली भिंत. इथवर ठीक, पण हे बदामीच्या कुठल्याही वाटेबद्दल म्हणता येईल. पहिली पकड कुठली? अवघड जागी पाय कुठे होता? वरच्या साखळीत दोर अडकवताना कुठला हात मोकळा होता? काहीच आलं नाही. जे आलं ते सांगण्यातलं होतं: 'चौदाव्या प्रयत्नात', 'शेवटच्या दिवशी', 'रात्रीची गाडी होती'. ज्या क्रमाने मी सांगते त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. १७ वर्षं सांगून सांगून मूळ दिवस झिजून गेला आणि सांगणं तेवढं राहिलं.

त्याच पानावर खाली पेन्सिलीने एक ओळ आहे: "संध्याकाळी. तळ्याच्या वरची फट, सोपी." श्रेणी नाही, आकडा नाही. ती मात्र जशीच्या तशी आहे. फटीत मूठ घातली तेव्हा आत दिवसभराची ऊब होती. उजव्या पायाखाली वाऱ्याने साठलेली वाळू, ती फुंकून काढावी लागली. अर्ध्यात थांबून मी मान वळवून अगस्त्य तीर्थाकडे पाहिलं, पाणी तांबडं झालं होतं आणि खाली कुणीतरी धुणं आपटत होतं. आवाज उशिरा पोचत होता, हात वर गेल्यावर. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

बराच वेळ वही उघडी ठेवून बसले. जे सुटेल म्हणून इतकी वर्षं घट्ट धरून होते, त्यात चढण्याचा भाग उरलेलाच नव्हता. मनात जो जडपणा ऑक्टोबरपासून होता तो त्या आकड्याचा होता.

वरच्या उद्दिष्टावर आज रेघ मारली. २७ ऑक्टोबरचं 'मार्च संपायच्या आत' हे वाक्य. नवीन उद्दिष्ट लिहिलेलं नाही.

१२ जानेवारी

उजव्या भिंतीच्या पायथ्याशी राखाडी गोळे सापडले, अंगठ्याएवढे, केस आणि उंदराची हाडं एकत्र दाबल्यासारखे. वर पांढरे ओघळ. दुर्बिणीने पाहिलं तर नऊ मीटरवरच्या कपारीत शृंगी घुबड, नारिंगी डोळे, कानांसारखी पिसं ताठ. ते आमच्याकडेच बघत होतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालायचा काळ. घरटं बांधत नाहीत, नुसत्या दगडावर अंडी देतात. पाखरू दचकून उडालं तर अंडी उघडी पडतात.

उजवी भिंत पावसाळ्यापर्यंत बंद. तिकडचे दोर, स्लिंग, घामासाठी हाताला लावतो त्या खडूच्या खुणा सगळं आजच काढलं. कोपरा तिथून साठ पावलं डावीकडे, मध्ये कातळाचं नाक आलेलं, तिथून ते दिसत नाही. तरी पहिल्या दिवशी भाचीला बांधावर दुर्बीण देऊन बसवलं. दोन तासांत पाखरू हललं नाही, तेव्हा कोपऱ्यावर काम चालू ठेवायला हरकत नाही असं ठरवलं. काकांना सांगितलं. "उंदरं खातंय, असू द्या त्याला तिथं."

ही नोंद करताना एक गोष्ट तपासून पाहिली. ज्या भिंतीसाठी बोट दुखावून घेतलं ती हातची गेली, तर मनात काय आहे? दुर्बीण हातात असताना तर भिंतीचा विचारही आला नव्हता. गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं तेव्हा आठवण झाली.

१९ जानेवारी

बूट बदलले. २००८ पासून मी त्याच मापाचे घेत आले, दीड माप लहान, कारण तेव्हा तसेच घालत होते. नखं काळी पडतात आणि दर दहा मिनिटांनी काढावे लागतात. कोपऱ्यावर पाय सपाट टेकवून रबराच्या घर्षणावर उभं राहायचं असतं, तिथे बोटं दुमडलेला बूट उलट नडतो. मागच्या आठवड्यात पायाच्या मापाचे मागवले. आज अडीच तास न काढता घातले.

बोट ठीक. मोठ्या पकडींवर दुखत नाही. टेप लावून चढते.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन करून निघालो, पोचायला अकरा झाले. दगड तापायला लागला होता, पण कोपरा सावलीत.

कोपरा आता मला पाठ होत आला आहे, तो इथे सविस्तर लिहिते. सुरुवातीला डावा पाय गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या सपाट पायरीवर. उजवा भिंतीला नुसता टेकवायचा, टाच खाली. हात छातीसमोर, काही धरायचं नाही, भिंत ढकलायची. तीन मीटरपर्यंत असंच, एक पाय, दुसरा पाय, मापं टाकल्यासारखं. मग काकूंची कड. इथे शरीराचं सगळं म्हणणं हाताने काहीतरी पकडावं असं असतं, आणि ते ऐकलं की उजवा पाय घसरतो. कंबर कोपऱ्याच्या मधोमध आणली, श्वास सोडला की पाय दगडात रुतल्यासारखा बसतो. ती जाणीव पोटात होते. तिथून दोन पावलांत सीताफळाची जागा. त्यावर भोकांचा पट्टा: एकात दोन बोटं जातात, आतले स्फटिक साखरेसारखे खरखरीत. मधलं बोट आणि तर्जनी, अनामिका बाहेर. शेवटचे तीन मीटर फट, तिच्यात हात सरळ घालून अंगठा तळव्यात दुमडला की हात फुगतो आणि अडकतो. वर कडुलिंबाच्या मुळ्या येतात, त्यांना हात लावायचा नाही.

मला ओढून चढायची सवय. बदामीच्या झुकलेल्या भिंतींवर ते चालायचं. इथे ती सवय घेऊन मी नोव्हेंबरात आले आणि या दगडाला तेच करायला लावत होते.

दुपारी शेतात हुरडा. जेवताना भाचीने स्वतःहून बदामीचं विचारलं. मी तिला 'रेडपॉइंट' शब्द कुठून आला ते सांगितलं: १९७५ च्या सुमारास जर्मनीत फ्रँकेनयुरा भागात कुर्ट अल्बर्ट हा क्लाइंबर, लोखंडी खिळ्यांना न धरता, दोराचा आधार न घेता एखादी वाट पूर्ण चढला की तिच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. तो ठिपका म्हणजे रेडपॉइंट. पुढे जगभर तोच शब्द रुळला.

तिने विचारलं, "आणि तू तुझ्या ७बीवर परत चढलीस कधी?"

नाही. २००८ नंतर दोनदा बदामीला गेले. दोन्ही वेळा त्या वाटेच्या खालून गेले. हात लावला नाही. पडले असते तर? हे मी तिला सांगितलं, जसं होतं तसं. ती भाजलेलं कणीस हातावर चोळत होती, दाणे फुंकले आणि अर्धे माझ्या तळहातावर ठेवले.

९ फेब्रुवारी

काकूंची नात आली, अकरा वर्षांची. लहान हार्नेस नव्हता, म्हणून स्लिंगचा छातीचा पट्टा करून मोठ्या हार्नेसला जोडला, दोनदा तपासला, भाचीकडूनही तपासून घेतला. पोरगी सीताफळापर्यंत गेली. आजी खालून पाय सांगत होती. मी दोर धरला आणि गप्प राहिले.

२३ फेब्रुवारी

पळस फुलला. ज्वारी काढायला आली, काकांना माणसं मिळत नाहीत. सकाळचे दोन तास आम्ही दोघींनी कणसं गोळा केली. मग चढायला वेळ कमी मिळाला, एकेकदा चढलो. दुर्बिणीने लांबून पाहिलं: कपारीत आता दोन पांढरी पिल्लं, मध्ये मोठं पाखरू.

९ मार्च

हंगामाचा शेवटचा दिवस. घरातून साडेचारला निघालो, उजाडताना कातळाखाली. नऊनंतर दगडाला हात लावणं नकोसं होतं, खडू लावूनही तळवे घामाने सुटतात.

मी दोनदा चढले. पहिल्यांदा फटीत हात अडकवून, सुटायची भीती नसताना, मुद्दाम थांबले. डावीकडच्या रानात मोट बांधायच्या जुन्या विहिरीवर कुणीतरी पंप चालू केला, आधी हवा, मग पाणी. फटीच्या आत दगड रात्रीचा गार होता. सीताफळाला नवी पानं नाहीत अजून, नुसत्या काड्या. खाली भाची मान वर करून बघत होती, दोर ना ताणलेला ना ढिला. "काय झालं मावशी?" काही नाही, म्हटलं, थांबलेय जरा. "थांब की."

ती तीनदा चढली, शेवटच्या वेळी काकूंच्या कडेवर न अडखळता. वर पोचल्यावर तिने दोन्ही हात कडुलिंबाच्या खोडावर ठेवले आणि कपाळ टेकवलं. मग वळली. चेहरा लाल, नाकावर खडू. काही बोलायच्या आधी मी तिला सावकाश खाली घेतलं.

आवराआवर: दोन्ही स्लिंग काढली, कॅराबिनर मोजले, दहाच्या दहा. दोराच्या वापरातल्या टोकाला दोन मीटरवर आवरण उसवलं आहे, तीन मीटर कापून टाकायचा. गोणपाट काकांना परत दिलं. खडूच्या खुणा कोरड्या ब्रशने पुसल्या. सीताफळाच्या जागेवरच्या उजवीकडच्या दगडाला आज पुन्हा ठोकून पाहिलं, आवाज थोडा बदलल्यासारखा वाटतो. पावसाळ्यानंतर चढायच्या आधी तो पहारीने तपासायचा.